पायांशी ठेवलेली पिशवी

फेब्रुवारीतली सकाळ, पावणेसातचा सुमार. मुळा-मुठेच्या संगमाजवळच्या पुलावर एक स्कूटर थांबली. पुलाच्या कठड्यावर उंच जाळी आहे. ती का लावावी लागली हे पुण्यात कोणाला सांगायला नको. पण जाळी म्हटली की तिला एखादं भोक असतंच, आणि ते नेमकं कुठे आहे हे ठाऊक असलेली माणसंही असतात. स्कूटरवाल्या गृहस्थांनी हँडलला लटकवलेली पिशवी काढली, भोकातून बाहेर सरकवली, सोडली, आणि चपला बाजूला काढून हात जोडले. खाली पिशवी पाण्यावर आपटली. त्याच वेळी कमानीखालून एक सिंगल स्कल बाहेर आली. तिच्यात एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, पुढच्या दिशेला पाठ करून वल्हवणारा. पिशवी त्याच्या नावेच्या टोकापासून हातभर अंतरावर पडली होती. त्याने दोन्ही पाती पाण्यात उभी रोवली, नाव थांबवली, वाहत शेजारी आलेली पिशवी उचलली, निथळू दिली, दोन पायांच्या मधल्या खाचेत ठेवली आणि पुन्हा वल्ही मारायला लागला. कमानीतून बाहेर पडताना त्याचं तोंड पुलाकडेच होतं. मान जराशी वर केली असती तर ते गृहस्थ समोर दिसले असते. ते अजून हात जोडून उभे होते, आणि त्यांचा नमस्कार सरळ त्या मुलाच्या डोक्यावर उतरत होता.

त्याने वर पाहिलं नाही. का पाहिलं नसेल, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

सिंगल स्कल ही काय चीज आहे, ते पुलावरून कळत नाही. वरून ती पेन्सिलीसारखी दिसते. लांबी साधारण आठ मीटर, म्हणजे दोन मोटारी एकामागे एक लावल्या तर जेवढी होईल तेवढी. पाण्याला टेकते तिथे रुंदी वीतभराहून थोडी जास्त, अठ्ठावीस सेंटिमीटरच्या आसपास. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिचं वजन चौदा किलोंपेक्षा कमी चालत नाही, आणि चांगले कारागीर ती बरोब्बर चौदाचीच बनवतात. घरातला भरलेला गॅस सिलिंडर तिच्या दुपटीहून जड असतो. टोकाला चार सेंटिमीटर व्यासाचा पांढरा रबरी चेंडू बसवलेला असतो. तो शोभेचा नाही. पाठ करून येणारी नाव कोणाच्या बरगडीत शिरू नये म्हणून तो नियमानेच लावावा लागतो. आत सरकती बैठक, तिची चार चाकं दोन रुळांवर; पुढे बूट पक्के केलेली पाटी; आणि दोन्ही बाजूंना पंखांसारखे बाहेर आलेले रिगर, ज्यांच्या टोकाच्या कड्यांत वल्ही अडकवायची. दोन कड्यांमधलं अंतर एकशे साठ सेंटिमीटरच्या आसपास. वल्हं जेमतेम पावणेतीन-तीन मीटर लांब.

अशी नाव स्वतःहून उभी राहत नाही. सायकल जशी थांबली की पडते, तशीच ही. तिला सरळ ठेवतात ती पाण्यावर सपाट टेकलेली दोन पाती. डोंबाऱ्याच्या हातातल्या काठीचं जे काम, ते या वल्ह्यांचं. दोन्ही मुठी एका उंचीवर असतील तर नाव सरळ. एक मूठ दोन बोटं खाली गेली की नाव त्या बाजूला कलते आणि दुसरी बाजू उचलते. वल्ही सोडून दिली तर पुढची गोष्ट पाण्यातच. नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच घोकायला लावतात: काहीही होवो, मुठी सोडायच्या नाहीत. नाक खाजलं, डोळ्यात किडा गेला, मोबाइल वाजला (मोबाइल न्यायचाच नाही, पण नेतात), मुठी हातात.

पुण्यात नदीवर नावा चालवता येतात त्याचं श्रेय नदीपेक्षा एका बंधाऱ्याला जास्त आहे. बंडगार्डनमधलं ‘बंड’ म्हणजे कोणाचा उठाव नव्हे, नदीवरचा बंधारा. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून तो १८५० साली उभा राहिला. त्यामागे अडलेलं पाणी संगमाच्या बाजूला पसरलं, आणि ज्या नदीत उन्हाळ्यात गुडघाभर पाणी राहिलं असतं तिथे वल्हं बुडेल इतकी खोली आली. साहेबांनी लगेच त्याचा फायदा घेतला. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८चा. बोट क्लब रोडवर आता मोठमोठ्या इमारती आहेत, पण नाव नावांचंच. मग १९२८ साली अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब सुरू झाला आणि रेगाटा, म्हणजे नावांचा सोहळाही. साहेबांचा खेळ असा हळूहळू वसतिगृहातल्या मुलांकडे आला, आणि खडकी-दापोडीच्या लष्करी केंद्रांमधून जवानांकडे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खणायच्या कामावर जायचा. सैन्यात आल्यावर त्याने वल्हं हातात धरलं, २०१६ साली रिओला सिंगल स्कलमध्ये तेरावा आला, आणि २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून सुवर्णपदक घेऊन आला. विहीर खणणाऱ्या माणसाचं पाण्याशी असलेलं नातं आणि वल्हवणाऱ्याचं नातं यांत किती अंतर असेल, किंवा नसेल, याचा विचार करत बसावंसं वाटतं. पण ते पुन्हा कधीतरी.

नदीवरच्या क्लबचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते मृगात सुरू होतं, आणि नावा पाण्याबाहेर काढून सुरू होतं. मे संपता संपता शेल, म्हणजे पातळ कवचाच्या शर्यतीच्या नावा, खालच्या घोड्यांवरून वरच्या घोड्यांवर जातात. घोडा म्हणजे लोखंडी मांडणी, वर चिंध्या किंवा जुनी गादी गुंडाळलेली. आठ जणांची नाव सतरा-अठरा मीटर लांब असते. ती उचलायला आठ माणसं लागतात, आणि नववा फक्त ओरडायला. त्या नवव्याचं काम सगळ्यांत महत्त्वाचं. सगळ्यांनी एकदम उचललं नाही तर नाव मधोमध पिळवटते आणि कवचाला केसासारखी चीर जाते, जी त्या दिवशी दिसत नाही, नोव्हेंबरमध्ये दिसते. ‘हात लावा, तयार, कमरेला, खांद्याला’ असं चार टप्प्यांत उचलायचं. उंच माणसं एका बाजूला आणि बुटकी दुसऱ्या बाजूला आली की सगळं वजन उंचांच्या खांद्यावर, म्हणून जोड्या उंचीनुसार लावायच्या. पाठीमागे राहिलेला माणूस वळणावर किती फिरेल याचा अंदाज नेहमी चुकतो. दरवर्षी एखादं सुकाणू खांबावर आपटतंच.

मग तरंगता धक्का. दोनशे लिटरची निळी प्लास्टिकची पिंपं, वर लोखंडी चौकट, त्यावर फळ्या. वरवर सोपी गोष्ट, पण क्लबच्या जुन्या माणसांमध्ये सर्वांत जास्त वाद यावरच होतात: साखळी किती सैल सोडायची? घट्ट बांधली तर पाणी चढलं की धक्का जागच्या जागी बुडतो, पिंपं चेपतात किंवा चौकटीतून निसटून थेट बंडाकडे निघतात. फार सैल सोडली तर पाणी चढताना सगळं छान, आणि उतरताना धक्का काठावरच्या एखाद्या झाडाच्या बेचक्यात टांगलेला सापडतो. मधला मार्ग असा की दोन साखळ्या वरच्या अंगाला, दोन दोर खालच्या अंगाला, आणि पाण्याबरोबर दोर सोडायला आणि ओढायला माणूस जागा. माणूस जागा म्हणजे रात्री तीन वाजता रेनकोट घालून बॅटरीच्या उजेडात उभा. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की फोनवर आकडे यायला लागतात. क्युसेक हा शब्द पुण्यात पोहे या शब्दाइतका रुळला आहे, पण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटर हे लक्षात कोण ठेवतं? जुलै २०२४मध्ये एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा विसर्ग पस्तीस हजारांवर गेला होता, म्हणजे दर सेकंदाला दहा लाख लिटरच्या घरात. भिडे पूल पाण्याखाली गेला की शहर फोटो काढायला जातं. क्लबमधली मुलं तेव्हा दोर मोजायला जातात.

पावसाळ्यात वल्हवायचं नसतं, पण सगळ्यात जास्त काम तेव्हाच असतं, आणि तेच काम पावसाळ्यात करायला सगळ्यात अवघड. फायबरची डागडुजी हे त्याचं उत्तम उदाहरण. पंट या सपाट बुडाच्या नावेला भोक पडलं तर आधी ती जागा साबणाने धुवायची, दोन दिवस वाळवायची, मग ऐंशी नंबरच्या पॉलिशपेपरने भोकाच्या चौफेर चार बोटं घासून उतार करायचा. उतार नसेल तर ठिगळ काठावरून सुटतं. काचेच्या मॅटचे तीन-चार तुकडे, एकापेक्षा एक मोठे. शंभर ग्रॅम पॉलिएस्टर रेझिनला हार्डनर एक ते दोन ग्रॅम. घाई झाली म्हणून चार घातला की डब्यातच उकळी फुटते, डबा हातात धरवत नाही आणि लावलेला थर तडकतो. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधी मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळून घ्यायचा, हार्डनर सगळ्यांत शेवटी. हवेत दमटपणा असेल तर मॅट आतून पांढुरकी राहते आणि थर दिवसदिवस चिकट. म्हणून श्रावणात ऊन पडलं रे पडलं की कॉलेजचे तास बुडवून मुलं गोदामात पळतात. रेसिंग शेलची गोष्ट आणखी वेगळी. त्या बहुतेक इपॉक्सीच्या असतात, आणि वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर धरत नाही. स्वस्त पडतं म्हणून कोणीतरी ते लावतंच, आणि ऐन हंगामात जखमेची खपली निघावी तसं ते ठिगळ उचलून येतं. शिवाय ठिगळालाही वजन असतं. डाव्या बाजूला पाव किलो ठिगळ बसलं की ती नाव उरलेलं आयुष्य डावीकडे झुकते, आणि नवीन मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

या कामाला दाद मिळत नाही. ठिगळाचा फोटो कोण काढणार?

गणपती गेले, पितृपंधरवडा उरकला की पाणी उतरतं आणि मागे गाळ ठेवून जातं. घाटाच्या पायऱ्यांवर वीतभर, कधी गुडघाभर. हा गाळ ओला असताना खोऱ्याने ओढायचा, वाळला की त्याची वीट होते आणि मग पहार लागते. त्यात काय काय असतं त्याची यादी करायला नको. ती यादी ज्यांनी केली ते आठवडाभर जेवताना गप्प असतात. पण काचेचं सांगायला हवं. देवांच्या तसबिरी फ्रेमसकट नदीत सोडतात. लाकूड तरंगत जातं, कागद विरघळतो, काच तिथेच गाळात उभी राहते. नावेत चढणारा माणूस अनवाणी असतो, कारण बूट नावेतच बसवलेले. म्हणून गाळ काढणाऱ्यांच्या पायात गमबूट आणि हातात जाड मोजे, आणि काचेसाठी रंगाचा रिकामा डबा वेगळा. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असावं हा क्लबचा अलिखित नियम. पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून येणाऱ्या तापाची, भीती असते, म्हणून पायाला कापलं असेल त्याने काठावरच बसून दोर धरायचा.

दिवाळीनंतर नदी सगळ्यांत सुंदर असते. ‘सुंदर’ म्हणताना चाचरायला होतं खरं. पुलावरून जाताना ज्या नदीजवळ लोक हेल्मेटची काच खाली करतात, तिच्या पाण्यापासून वीतभर उंचीवर ही मुलं बसलेली असतात. पण कार्तिकातल्या पहाटे धुकं पाण्याला टेकलेलं असतं, वास थंडीने दबलेला असतो, आणि आठ पाती एकदम पाण्यात शिरल्याचा एकच आवाज येतो, ‘चक्’. तो आवाज एक आला की समजायचं टीम जमली. दोन-तीन आले की कोणीतरी रात्री जागलंय. त्यानंतर बैठका सरकण्याचा घर्रर्र, आणि नावेच्या पोटाखालून बुडबुडे पळाल्याची खळखळ. ही खळखळ फक्त आतल्याला ऐकू येते. एकदा ती ऐकलेला माणूस पहाटे साडेचारला उठून का येतो, हे त्याच्या आईला कधीच पटत नाही.

नवीन भरती याच दिवसांतली. आधी पोहण्याची चाचणी, अंगावर कपडे ठेवून. मग पंट: सपाट बुडाची, थोराड, काही केल्या न उलटणारी, आजीसारखी. पंटमध्ये महिनाभर काढला की मग शेल. त्याआधी उलटण्याची तालीम, शक्य असेल तर स्वच्छ पाण्याच्या तलावात, मुद्दाम. उलटल्यावर पाय बुटात अडकलेले असतात आणि डोकं पाण्याखाली. तेव्हा बुटाच्या टाचेला बांधलेली दोरी कामाला येते. ती टाचेला सात सेंटिमीटरपेक्षा जास्त उचलू देत नाही, त्यामुळे गुडघा छातीशी ओढला की पाय बुटातून सुटतो. दोरी तुटलेली असेल तर बूटच पायाबरोबर येतो आणि पाय सुटत नाही. म्हणून रोज निघण्यापूर्वी टाचेची दोरी ओढून बघायची. वर आल्यावर नाव सोडायची नाही, पोहत काठाला जायचं नाही. नाव तरंगते, माणूस दमतो. आणि इथली खास सूचना: तोंड बंद. बाहेर आल्यावर साबणाने अंघोळ, कानात थेंब, आणि तळहातावरच्या फोडांना आयोडीन. वल्हवणाऱ्याच्या तळहाताला फोड येतातच, ते फुटतातच, आणि फुटलेल्या फोडांनी या पाण्याला हात लावणं म्हणजे काय ते डॉक्टरांना विचारा. पट्टी बांधली तर मुठीची पकड जाते. पट्टी नाही बांधली तर हात जातो. प्रत्येक जण यावर आपापला तोडगा काढतो, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा तोडगा मूर्खपणाचा वाटतो.

रिगर बसवायला दहाचा पाना लागतो, मोठ्या बोल्टला तेराचा. दुचाकी पंक्चर झाल्यावर पुणेकराच्या डिकीतून निघतात तेच दोन पाने. जोर लावून आवळायचं नाही, बोटांनी घट्ट झाल्यावर पाव फेरा पुरे. कवच काही मिलिमीटरचं असतं, बोल्ट आत घुसतो. आवळायला विसरलं तर मात्र भर पाण्यात रिगर डुलायला लागतो, आणि मग ‘पाना कोणाकडे होता’ यावर संध्याकाळपर्यंत चर्चा. कुठल्याही क्लबमध्ये दहाचे पाने कितीही विकत आणा, हंगामाच्या शेवटी एकच उरतो. बाकीचे नदीच्या तळाशी आहेत.

आणि मग, संक्रांत उलटली की, जलपर्णी.

पाणी थांबलेलं, ऊन चढतं, आणि सांडपाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस आयता. दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणून जगभर फिरलेली ही वनस्पती अशा जागी पंधरवड्यात दुप्पट होते. सोमवारी पुलाखाली चार रोपं दिसली म्हणून दुर्लक्ष करावं, तर महिन्याने तिथे हिरवं गवताळ मैदान आणि त्यावर बगळे चालताना. तिच्या फुगीर देठांत हवा असते म्हणून ती तरंगते, आणि रोपं एकमेकांना धावत्या खोडांनी जोडलेली असतात म्हणून एक ओढलं की दहा येतात. ऐकायला ही सोय वाटते, पण ओढून बघा. दाट वाढलेल्या जलपर्णीचं एका चौरस मीटरला वीस किलो वजन सहज भरतं. शंभर मीटर लांब आणि आठ मीटर रुंद असा एक पट्टा मोकळा करायचा म्हणजे सोळा टन. आणि रेसची लांबी दोन हजार मीटर असते.

हे काम स्वयंसेवक करतात तेव्हा त्यातली युक्ती वजन उचलण्यापेक्षा वाऱ्याशी जुळवून घेण्यात असते. वारा जलपर्णीला ज्या काठाला ढकलतो त्याच काठाला ती काढायची. सकाळी वारा पडलेला असतो, तेव्हा पंटमधून जाऊन रिकाम्या डब्यांचा तरंगता दोर तिच्याभोवती अर्धगोल टाकायचा, दोन टोकं काठावर आणायची आणि वीस-पंचवीस जणांनी रापण ओढतात तसा दोर ओढायचा. काठाशी आली की पंजाने बाहेर. कोयत्याने तोडायची नाही, तुटलेल्या प्रत्येक तुकड्याचं नवं रोप होतं. उत्साही नवशिके हमखास हीच चूक करतात. बाहेर काढलेला ढीग लगेच गाडीत भरायचा नाही, तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. तीन-चार दिवस उन्हात पसरली की ढीग निम्म्याहून खाली बसतो. पण पसरायची नदीपासून लांब, नाहीतर एखाद्या अवकाळी सरीने सगळं पुन्हा पाण्यात. आणि जांभळी फुलं यायच्या आत हे उरकायचं, कारण बी गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. फुलं फारच देखणी असतात, ही त्यातली चिडचिड. पुलावरून कॅमेरे लागतात ते याच दिवसांत.

मुलांना हेही कळतं की आपण जे काढतो आहोत तो आजार नव्हे, ताप आहे. मैलापाणी थांबल्याशिवाय जलपर्णी थांबणार नाही, आणि ते मुठीत वल्हं धरून थांबवता येत नाही. काठाच्या सुशोभीकरणाच्या योजनेत चव्वेचाळीस किलोमीटरची नदी येते. पाण्यात काय आहे याची चर्चा त्या मानाने कमी ऐकू येते, असं नदीवर रोज असणाऱ्याला वाटलं तर त्याला दोष देता येणार नाही. तरीही रविवारी सकाळी वीस-पंचवीस जण दोराला लागतातच. त्यात नाव कधीच न चालवलेलेही असतात: काठावर फिरायला येणारे दोन-तीन काका, पक्षी बघणारी एक मुलगी, चहाच्या टपरीवरचा पोरगा, ज्याला दोर ओढण्यातली लय कोणी न शिकवता येते. जलपर्णी एकदा का शेलच्या पोटाखालच्या, माशाच्या परासारख्या छोट्या पट्टीला अडकली की नाव जड होते आणि एका बाजूला ओढते, आणि वल्ह्याच्या पात्यात अडकली तर मूठ उलटी येऊन पोटात बसते. त्याला ‘क्रॅब’ म्हणतात. जोरात बसला तर माणूस नावेतून अक्षरशः फेकला जातो. म्हणजे सोळा टन उपसल्यावर राहिलेलं एक रोपसुद्धा पुरतं.

मार्चमध्ये रेगाटा. काठावर गर्दी, दिवे, निवेदन, पाण्यावर पंटची फॉर्मेशन आणि अंधार पडल्यावर मशाली. प्रेक्षकाला दिसते ती एक संध्याकाळ. मशालीचं एकच सांगतो: कापड तारेने घट्ट आवळायचं, रॉकेलमध्ये रात्रभर भिजवायचं आणि पेटवण्यापूर्वी निथळून पिळून घ्यायचं. न पिळलेली मशाल दिसायला जास्त झकास पेटते, आणि मग जळते थेंब मनगटावरून कोपरापर्यंत उतरतात. त्यामुळे प्रत्येक पंटमध्ये ओलं गोणपाट हवंच. फॉर्मेशन बिघडते ती बहुतेक वेळा वाऱ्याने, चुकणाऱ्या मुलामुळे क्वचित. पण टाळ्या वाजवणाऱ्यांना हे कसं कळावं, आणि कळून तरी काय.

त्या पिशवीकडे परत येतो.

नाव धक्क्याला लागली तेव्हा एका मुलीने वल्ह्याचं पातं धरलं. मुलाने आधी पिशवी वर दिली, मग एक पाय बाहेर टाकला, मग स्वतः. धक्क्यावर उलटवलेल्या क्रेटमध्ये पिशवी सोडली गेली: झेंडूच्या माळा, दूर्वा, विड्याची पानं, सुपारी, उदबत्तीचं रिकामं पुडकं, एक शेंडी काढलेला नारळ, आणि तळाशी गजाननाची तसबीर, काचेला तिरपी चीर. म्हणूनच पाण्यावर आपटतानाचा तो आवाज. फुलं खड्ड्यात, प्लास्टिक पोत्यात, नारळ टपरीवरच्या पोराने मागून घेतला.

वर का पाहिलं नाही, याची उत्तरं तोवर बरीच तयार होती. राग असेल. शरम असेल, त्या गृहस्थांच्या वतीने. किंवा रोजचंच आहे म्हणून आलेली थंड सवय. यातलं कुठलंही उत्तर लेखाला चाललं असतं. त्या मुलीला विचारलं तर तिने प्रश्नच विचित्र असल्यासारखं पाहिलं. पिशवी उचलायची म्हणजे एक हात मोकळा हवा, म्हणजे दोन्ही मुठी दुसऱ्या एकाच हातात, पोटाशी धरून, दोन्ही पाती सपाट. त्या अवस्थेत पाण्याकडे वाकलेल्या माणसाने मान वर केली की खांदा मागे जातो, खांद्याबरोबर मुठी, आणि नाव उलटते. ‘वर बघितलं असतं तर आत गेला असता,’ ती म्हणाली, ‘आणि आज त्याचा पेपर आहे.’

तो मुलगा तेवढ्यात कोपरापर्यंत साबण चोळत होता. मग दोघांनी नाव उलटी करून घोड्यावर ठेवली, आधी तळ धुतला, मग पायांची खाच, पिशवी होती तिथे दोनदा. बैठकीचे रूळ फडक्याने कोरडे केले. मुलीने मोजे घातले, फ्रेमची खिळपट्टी सोडवली, चित्र फुलांच्या खड्ड्याशेजारी एका विटेखाली दाबून ठेवलं, उडू नये म्हणून, आणि काच रंगाच्या डब्यात टाकली. डबा निम्म्यावर आला होता. हंगाम अजून तीन महिने होता.